कोठीतला पाव

गौरम्मानं जेवण सोडलं ते भाद्रपदात. सोडलं म्हणजे रुसून नव्हे. रुसणं त्या बाईला जमायचंच नाही, ती सरळ शिव्या द्यायची. झालं होतं ते इतकंच, की तोंडातले उरलेसुरले दात डॉक्टरानं काढून टाकले, नवी कवळी हिरड्यांना टोचायला लागली, म्हणून बाईनं ती फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवली आणि भाकरीवाचून राहायला लागली. भाकरी नाही म्हणजे जेवण नाही. घरात भात होता. पण उदगीरकडच्या या लिंगायत म्हातारीच्या लेखी भात आजाऱ्यानं खावा, नाहीतर लग्नात. "मी काय बाळंतीण हाय व्हय?" म्हणून तिनं भाताचं ताट परत पाठवलं. भाकरी दुधात कुस्करून दिली असती, पण त्याला घरच्या शेतातला पांढरा शाळू पाहिजे. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता आणि रेशनवर मिळत होती ती लाल जवारी. ती दुधात कुस्करली की दूध वेगळं नि वाळू वेगळी. म्हातारी सकाळी कपाळाला भस्म लावून गळ्यातल्या लिंगाची पूजा करायची, घोटभर ताक प्यायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. मनगटातली पाटली कोपरापर्यंत सरकायला लागली.

"दुधात पाव द्या," डॉक्टर म्हणाला. "पोट भरलं पाहिजे. नाहीतर मी दिवाळीची खात्री देत नाही."

हे त्यानं म्हातारीच्या मुलाला, म्हणजे विरूपाक्षराव हत्तरग्यांना, दाराबाहेर नेऊन सांगितलं. विरूपाक्षराव तसेच बेकरीत गेले आणि पाव घेऊन आले. गौरम्मानं पाव लांबूनच हुंगला.

"ह्यात अंडं असतंय."

"नसतंय, अव्वा. पावात अंडं घालत न्हाईत."

"तू करताना बघितलास?"

विरूपाक्षरावांनी बघितलं नव्हतं. पाव गल्लीतल्या कुत्र्यानं खाल्ला आणि म्हातारीनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. विरूपाक्षराव त्या पाठीकडं बघत उभे राहिले. पंधरा-वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडून कधी निघू नये असं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं. "मी करतो घरी."

"काय करता?" रुद्राणी, म्हणजे त्यांची बायको, आतून म्हणाली.

"पाव."

रुद्राणी बाहेर येऊन नवऱ्याकडं नीट बघून गेली. ह्या गृहस्थानं आजवर चहासुद्धा केला नव्हता. दूध उतू जाताना दिसलं तरी "अगं, दूध" एवढं म्हणून ते जागेवर बसून राहायचे.

पण विरूपाक्षराव अव्वल कारकून होते. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्यांनी एका कचेरीची अख्खी दप्तरं लावून दिली होती. जिल्हा नवा झाला म्हणजे काय झालं, हे सांगायला लागलं तर दिवस पुरायचा नाही. पाट्या नव्या झाल्या, शिक्के नवे झाले, साहेब नवे आले. पाण्याचा टँकर तेवढा जुनाच राहिला. तरी विरूपाक्षरावांचा एक भाबडा समज होता, की कुठलंही काम पद्धतशीर हातात घेतलं की होतंच. असा समज असलेल्या माणसाला घरच्यांनी वेळीच आवरलं पाहिजे. रुद्राणीनं आवरलं नाही, कारण सासू खंगत चाललेली तिलाही बघवत नव्हती.

पद्धतशीर काम म्हणजे आधी पुस्तक. मोठ्या साहेबांच्या बाईंकडं एक इंग्रजी पुस्तक निघालं, शरद ऋतूतल्या पावांचं. गुळगुळीत कागद, पानापानावर रंगीत चित्रं. त्या मुलखात शरद आला की कोठारं भरतात, झाडं लाल होतात आणि लोक घरात बसून लाल भोपळ्याचे, अक्रोडाचे, राय नावाच्या कुठल्याशा धान्याचे पाव भाजतात. लातुरात शरद आला की टँकर कुठल्या गल्लीत कुठल्या वारी येणार ते ठरतं. पण विरूपाक्षराव डगमगले नाहीत. त्यांनी प्रत्येक जिन्नसाला पर्याय काढला. अक्रोडाला शेंगदाणे. लोण्याला करडईचं तेल. तिकडल्या झाडाच्या चिकाच्या पाकाला आपली काकवी. रायला ज्वारी, कारण दोन्ही गरिबाचं धान्य, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. मैद्याला मात्र पर्याय सुचेना, म्हणून ते परवान्याच्या खिडकीवर गेले. दुष्काळामुळं मैदा चिठ्ठीवर होता.

खिडकीत मन्मथ नावाचा कारकून होता. विरूपाक्षरावांच्याच हाताखाली तयार झालेला, त्यामुळं नियमाला एकदम पक्का.

"कारण काय लिहू साहेब?"

"आईसाठी पाव करायचाय."

"असं कारण बसत न्हाई हो. लग्न बसतंय. बेकरी बसतीय. दिवसकार्याला बसतंय, लगेच मिळतंय. मातोश्रींचं..."

"जिवंत हाय."

"मग अवघड हाय," मन्मथ मनापासून हळहळून म्हणाला. "तसं काही झालं तर या, मी हितंच हाय. तुम्हाला रांगेत थांबू देणार न्हाई."

विरूपाक्षराव परत फिरले. ज्याला मसुदा लिहायला शिकवला त्यानंच हे ऐकवावं, याचा घाव त्यांना घरापर्यंत पुरला.

आता भट्टी. उदगीरचा चुलतभाऊ रेवणप्पा पत्र्याच्या कोठ्या बनवायचा, धान्य साठवायच्या. दुष्काळात कोठी कोण घेतो? बिचारा मोकळाच होता. तो आला, घरात हिंडला आणि माजघरातली मोठी कोठी वाजवून बघितली. ती टणटण वाजली, कारण आत दाणा नव्हता. रेवणप्पानं त्याच कोठीला खालून कोळशाचं तोंड पाडलं, मधे जाळी ठोकली, वर झाकण बसवलं आणि भट्टी तयार. सगळं होईपर्यंत गौरम्मा बाजेवरून बघत होती. कोठी तिच्या संसाराची होती.

"जवारी आल्यावर कशात ठेवायची रे इरुपा?"

"येईल तवा बघू, अव्वा."

"हं," म्हातारी म्हणाली आणि डोळे मिटले.

शेजारी शेषेराव राहत होते. औशाकडचे शेतकरी, पोरांच्या शाळेसाठी लातुरात घर केलेले. शेत तापून भेगाळलेलं, विहिरीनं तळ दाखवलेला, म्हणून हा माणूस दिवसभर रिकामा आणि सल्ल्यांनी भरलेला. भट्टी अंगणात आली तशी शेषेरावांनी आपली खुर्चीही अंगणात आणली.

"आप्पा, सोडा टाका. लई टाका. फुगल्याबिगर ऱ्हातंय का?"

पहिला पाव ज्वारीचा. पुस्तकातल्या चित्रात पीठ मऊ गोळ्यासारखं फुगून वर आलेलं. इथं ज्वारीच्या पिठाला ना ताण ना चिकटपणा. ते फुगायच्या ऐवजी भेगा पाडून बसलं. भट्टीतून जे निघालं ते बाहेरून वीट आणि आतून पिठलं. सोड्यामुळं ते हिरवट पिवळंही झालं होतं. शेषेराव म्हणाले, बैलाला घालू. त्या साली जनावरं वाळला पाला खात होती, भिंतीवरचे कागद ओढून खात होती. शेषेरावांच्या बैलानं पाव हुंगला, फुस्स केलं आणि मान फिरवली.

दुसरा पाव बाजरीचा, तो काळा झाला. तिसऱ्यात डाळीचं पीठ मिसळलं, तर गल्लीभर भज्यांचा वास सुटला आणि लोक काय सण आहे म्हणून विचारायला आले. राजगिऱ्याचा पाव झाकण उघडताच आपला आपण ढासळला. रोज कचेरीतून आल्यावर विरूपाक्षराव लुंगी नेसून अंगणात बसायचे, धुरानं डोळे चोळायचे आणि आत म्हातारी ताक पिऊन झोपायची. प्रत्येक पाव ते आधी तिच्याकडं घेऊन जायचे. ती बोटानं दाबून बघायची. बोट दुखायचं. "ऱ्हाऊ दे लेकरा," म्हणायची. तिच्या त्या "लेकरा"नं विरूपाक्षरावांना रडू यायचं, आणि रडू आल्याचा राग यायचा, आणि तो राग रुद्राणीवर निघायचा.

"तू काही सांगत का न्हाईस?"

"तुम्ही विचारलाव कधी? पुस्तकाला विचारून राहिलाव ना."

अशात कुणीतरी तक्रार केली, की हत्तरग्यांच्या घरी विनापरवाना बेकरी चालते. एक गृहस्थ कागद घेऊन पाहणीला आले. विरूपाक्षरावांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. टँकरचं पाणी, म्हणजे काय दिलं ते समजून घ्या. नुकताच भट्टीतून काढलेला पाव समोर परातीत होता. गृहस्थांनी भट्टीत डोकावून बघितलं, परातीत बघितलं, पेन्सिलीनं पाव टकटक वाजवला आणि कागदावर लिहिलं, 'जागेवर पाहणी केली असता पाव आढळून आला नाही. सबब तक्रार निकाली.'

"हा काय मग?" विरूपाक्षरावांना राहवेना.

"साहेब, तुमच्या बाजूनं लिहून दिलंय. सही करा."

विरूपाक्षरावांनी सही केली. हातचा पाव पाव नाही, असं लेखी कबूल करून त्यांना सुटका मिळाली. कचेरीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक झालं होतं. चहाबरोबर कुणी बिस्किट पुढं केलं की दुसरा म्हणायचा, "आढळून आलं का बघा आधी." विरूपाक्षरावांनी चहाच सोडला.

शेवटी त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. रेशनचे गहू गिरणीतून अगदी बारीक दळून आणले आणि जुन्या धोतराच्या पदरातून वस्त्रगाळ केले. खमीर बेकरीतून आणायची सोय नव्हती, म्हातारीनं शोधून काढलं असतं. मग आंबील. वेळ अमावास्येला शेतात नेतात ती, ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेली. ती मडक्यात धरली, रोज तिला मूठभर पीठ घातलं. ती बुडबुडायला लागली तशी कणकेत घातली. आणि नवरात्र सरताना एका सकाळी परातीवरचं फडकं हलायला लागलं. कणीक फुगत होती! विरूपाक्षरावांनी रुद्राणीला हाक मारली, शेषेरावांना हाक मारली. सगळे परातीभोवती उभे राहून बघायला लागले.

"आप्पा, आता पेटवा," शेषेराव म्हणाले.

विरूपाक्षराव कोळसे घेऊन अंगणात गेले आणि जागच्या जागी थांबले.

आठवडाभर बाजेवरून न उठलेली गौरम्मा अंगणात बसली होती. आंघोळ केलेली, कपाळभर भस्म. भट्टीवर भस्माचे तीन पट्टे ओढलेले, झेंडूची माळ घातलेली, उदबत्ती लावलेली. शेजारी विळा, कुऱ्हाड, अडकित्ता आणि विरूपाक्षरावांचं पेन. ती खंडेनवमी होती. दरसाल त्या दिवशी गौरम्मा शेतीच्या अवजारांबरोबर कोठीची पूजा करायची. पत्रा कापला म्हणून कोठीचा मान कमी होतो काय? आणि पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, हे त्या घरात तान्ह्या पोराला ठाऊक. विरूपाक्षरावांनाही ठाऊक होतं. पावाच्या नादात तिथी डोक्यातून गेली होती.

"अव्वा, तुझ्यासाठीच हाय गं."

"म्हणून काय पुजलेल्या आयुधाला चटके देतूस? उद्या दे."

"उद्यापर्यंत कणीक थांबत न्हाई."

"कणकीला थांब म्हणून सांग. तू कारकून हाईस ना?"

कणीक काही कचेरीत कामाला नव्हती. ती परातीच्या काठावरून उतरली, फरशीवर आली, पाटाखाली शिरली. विरूपाक्षराव तिला दाबून बसवायचे, ती पुन्हा यायची. दिवसभर हा माणूस कणकेशी झटत बसला. शेषेराव खुर्ची आत घेऊन आले आणि म्हणाले, आप्पा, दुसरी भट्टी करा. रुद्राणी म्हणाली, "खंडेनवमीला सगळे निवांत बसलेत, कणीकच तेवढी कामाला लागली." विरूपाक्षराव हसले नाहीत. डॉक्टरानं सांगितलेली दिवाळी समोर दिसत होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा जमून आलेली गोष्ट डोळ्यांदेखत वाया चालली होती.

दसऱ्याला शेषेरावांची बायको सिंधु गौरम्माला रिक्षात बसवून मठात दर्शनाला घेऊन गेली. पूजेनं म्हातारीला थोडा हुरूप आला होता. इकडं विरूपाक्षरावांनी आशा सोडून, नुसती परात मोकळी व्हावी म्हणून, तो दमलेला गोळा डब्यात घालून भट्टीत सरकवला. झाकण उघडलं तेव्हा ते मागं सरकले. पाव वर आला होता. गोल, तांबूस, चकचकीत. दाबला की बोट आत जायचं, उचललं की पाव परत जागेवर यायचा. रुद्राणीनं एक कोपरा मोडला. आत जाळी पडली होती, ऊन ऊन वाफ येत होती. तिनं तो तुकडा तोंडात घातला आणि डोळ्याला पदर लावला.

"झाला हो," ती म्हणाली. "आत्याबाई खातील."

गौरम्मा परत आली. तिला पाटावर बसवलं, समोर ताटात पाव ठेवला, वाटीत दूध ठेवलं. म्हातारीनं पाव दाबला. पुन्हा दाबला. तिच्या गळ्याखालचं कातडं हललं, तिला भूक लागली होती हे सगळ्यांना दिसलं. मग तिनं हात मागं घेतला.

"कुठून आणलास?"

"अव्वा, मी केला. भट्टीत. आत्ता."

"इरुपा, तुला मी जन्म दिलाय. तुझ्या हातून इतकं चांगलं व्हनार न्हाई."

"खरं सांगतोय!"

"इतके दिवस केलास ते मी बघितले ना. आज मी मठात गेले आन् आजच कसा गं फुगला, सुनबाई?" रुद्राणीनं शपथ घातली. "तू त्याचीच बाजू घेणार," म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. "माझ्या जिवासाठी करून राहिलास, कळतंय मला. पन आईला अंडं खाऊ घालू नये."

विरूपाक्षरावांचा तोल गेला. त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "ह्याच्यावर हात ठेवून सांगतो..."

म्हातारीनं झडप घालून त्यांचा हात धरला. एवढी ताकद तिच्यात उरली असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "खोट्यापायी लिंगाला हात लावू नको रे! माझं काय, मी जाणारच हाय. तुला पाप नको."

विरूपाक्षरावांनी हात खाली घेतला. खरं बोलायची सोयही आईनं मायेपोटी काढून घेतली होती. तेवढ्यात शेषेराव आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला आले. गौरम्मानं ताट त्यांच्यापुढं सरकवलं. शेषेरावांनी बसल्या बैठकीला पाव संपवला, दूधही प्यायले आणि बोटं चाटत म्हणाले, "आप्पा, कोन्त्या बेकरीचा? आमाला बी सांगा की."

त्या दिवशी गौरम्मानं ताकही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी विरूपाक्षरावांनी रजा टाकली. आईची बाज उचलून भट्टीसमोर ठेवली आणि म्हणाले, "अव्वा, आता तुझ्या डोळ्यांसमोर करतो." म्हातारी पाठीला लोड घेऊन टक लावून बसली. त्या नजरेखाली विरूपाक्षरावांचा अंदाज चुकत गेला. आंबील जास्त पडली, मग पीठ जास्त पडलं, कणीक आखडली. दसऱ्याला नुसती परात मोकळी करायला निघालेले हात आज पाव करायला निघाले होते. आईसमोर ह्या माणसाला लहानपणी पाढाही कधी धड म्हणता आला नव्हता. झाकण उघडलं. आत एका बाजूला करपलेला, दुसऱ्या बाजूला कच्चा, मधे बसलेला एक गोळा होता.

विरूपाक्षरावांनी तो ताटात ठेवला आणि मान खाली घातली.

"हाव!" गौरम्मा म्हणाली. सगळा चेहरा उजळला तिचा. "हे तुझं!"

तिनं तो दगड उखळात कुटून घेतला, वरणात भिजत घातला आणि बोटानं चाटून चाटून खाल्ला. वाटी संपवली. अजून मागितली. "कसा का असंना, पोरानं फसवलं न्हाई," ती सिंधुला सांगत होती. "काहीच येत न्हाई ओ त्याला. लहानपनापासून असाच हाय." ढेकर दिला आणि कितीतरी दिवसांनी छताकडं तोंड करून झोपली.

त्या दिवसापासून विरूपाक्षराव आईसाठी पाव बिघडवायला लागले. आंबील कमी घालायची, कणीक मळायची नाही, कोळसे एकाच बाजूला सारायचे. म्हातारी आता भट्टीसमोर बसत नव्हती, आत ताटातला पाव दाबून कुणाचा ते ओळखायची. दिवाळी निघाली. पाटली कोपरावरून जरा खाली आली. पण हेही त्यांना धड जमेना. हात आता शिकला होता. कितीही वाईट केला तरी मधूनच एखादा पाव गोल फुगून, तांबूस होऊन, हसत भट्टीतून बाहेर यायचा, आणि त्या दिवशी म्हातारी उपाशी राहायची.